बेस गिटारच्या तारा : गोल की चपट्या?

गाभ्याच्या तारेवर गोल तार गुंडाळली की राउंडवाउंड, चपटी पट्टी गुंडाळली की फ्लॅटवाउंड. राउंडवाउंडचा आवाज खणखणीत. १९६०च्या दशकात ‘द हू’ या रॉक बँडचा बेसवादक जॉन एन्टविसल याच्या आग्रहामुळे रोटोसाउंड कंपनीने त्या घडवल्या. पण बोट सरकवलं की करकर ऐकू येते आणि फ्रेटलेस (पडद्यांविना) बेसची लाकडी पट्टी खरवडली जाते. फ्लॅटवाउंड महाग, मात्र वर्षानुवर्षं टिकतात. मोटाउन या रेकॉर्ड कंपनीचा बेसवादक जेम्स जेमरसन ‘ला बेला’ कंपनीच्या जाडजूड फ्लॅटवाउंड तुटेपर्यंत बदलतच नसे. घामामळाने दबलेला तो घुमारा त्याला हवाच होता! नवशिक्याने सरळ निकेलच्या राउंडवाउंड घ्याव्यात, स्टीलपेक्षा बोटांना सोसतात. जाडी बारीक तारेपासून जाड तारेपर्यंत ४५ ते १०५, म्हणजे इंचाचे हजारावे भाग. बेस शॉर्ट स्केल (आखूड तारांचा) असेल तर दुकानदाराला आधीच सांगा.