मूठ हें शस्त्र काय?

गेल्या दिवाळीच्या सुटींत आमच्या माजघरांत नातवंडांमध्यें मोठा तंटा माजला. निमित्त ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ या खेळाचें. १९७४ सालीं अमेरिकेंत गॅरी गायगॅक्स व डेव्ह आर्नेसन यांनीं तो प्रसिद्ध केला. यांत प्रत्येक गडी एका कल्पित वीराची भूमिका घेतो. कृतीचें फळ फांसे ठरवितात आणि सूत्रधार निर्णय देतो.

थोरल्या नातवाच्या वीरानें शत्रूस ठोसा मारून त्यावर ‘दिव्य प्रहार’ जोडला. धाकटी नात उसळली, “दादा, मूठ म्हणजे शस्त्र नव्हे!” डाव मोडला, दोन दिवस अबोला. शेवटीं गाऱ्हाणें आमच्याकडे आलें.

आम्हीं २०१४ चा नियमग्रंथ उघडला. ठोसा हा ‘शस्त्राघात’ गणला आहे, मूठ मात्र शस्त्रांत गणलेली नाहीं; आणि दिव्य प्रहाराचा नियम आरंभीं ‘शस्त्राघात’ म्हणून पुढें ‘शस्त्राच्या इजेखेरीज’ असें म्हणतो. दोन्ही पक्षांस आधार! विशेष नियम सामान्यास बाधतो, हा आमच्या व्याकरणांतील उत्सर्गापवादन्याय त्या ग्रंथांतही आहे. परंतु येथें एकाच नियमांत विरोध, तेव्हां तोही लंगडा पडला.

अशा वेळीं सूत्रधाराचा शब्द त्या डावापुरता मानावा, वाद डाव संपल्यावर करावा, असें आम्हीं सांगितलें. सूत्रधार मधला नातू. त्यानें ठोसा मान्य केला. धाकटीनें फुरंगटून कां होईना, फांसे उचलले.

२०२४ च्या नव्या नियमग्रंथांत ठोशाचा स्पष्ट उल्लेख होऊन ही शंका फिटली आहे. पण घरांतील प्रत्येक शंकेसाठीं नवी आवृत्ति निघत नाहीं. तेथें एकमेकांचा शब्द राखूनच डाव चालू ठेवावा लागतो.