याकोबाच्या विहिरीवरील स्त्री व पंडिता रमाबाई

सप्टेंबरच्या ८ तारखेनंतर येणाऱ्या रविवारीं वांद्र्याच्या टेकडीवर मोत माउलीची जत्रा भरते व ती आठवडाभर चालते. अंधेरी, बोरिवली, मुलुंड, घाटकोपर येथून गाड्या भरभरून माणसें तिकडे लोटतात. तीं सारीं ख्रिस्तीच असतात असें मात्र नाहीं. नवसाची मेणबत्ती पदराआड धरून निघालेल्या आपल्या घरांतील स्त्रियाही त्यांत असतात. मरोळ, कोंडिविटें येथल्या गांवठाणांतून राहणारे, मराठी बोलणारे व १८८७ पासून स्वतःस ‘ईस्ट इंडियन’ म्हणविणारे जे जुने ख्रिस्ती रहिवासी, त्यांच्याशीं आपला शेजार पिढ्यान् पिढ्यांचा आहे. असें असून येशूची माता सोडली तर त्यांच्या धर्मग्रंथांतील दुसरी एकही स्त्री आपल्या माजघरांत कोणास ओळखीची नाहीं. आज आम्ही वाचकांपुढें अशीच एक स्त्री उभी करणार आहों. तिला ग्रंथांत नांवही नाहीं. परंतु आपल्या एका संस्कृतज्ञ विदुषीच्या आयुष्याची दिशा ज्या गोष्टींनीं फिरविली त्यांत हिची गोष्ट प्रमुख आहे, म्हणून ती जाणून घेणें आपल्याच इतिहासासाठीं अवश्य आहे.

कलकत्त्याच्या पंडितांनीं १८७८ सालीं जिला ‘पंडिता’ व ‘सरस्वती’ ह्या पदव्या दिल्या, भागवत जिला मुखोद्गत होतें, त्या रमाबाईंनीं पांचच वर्षांनीं ख्रिस्ती धर्म कां स्वीकारला, हें कोडें आमच्या पिढीस वडीलधाऱ्यांकडून मिळालें, आणि त्याचें उत्तरही तयारच मिळालें: विलायतेंत पाद्र्यांनीं भुलविलें. जन्मभर मुलांस संस्कृत शिकवीत आल्यामुळें असेल, पण तें उत्तर आम्हांस कधींच पटलें नाहीं. भर सभेंत शास्त्र्यांपुढें धाराप्रवाह संस्कृत बोलणारी बाई भूल घातल्यानें भुलत नसते. कारण तिच्याच शब्दांत शोधलें पाहिजे, आणि १९०७ सालच्या आपल्या आत्मनिवेदनांत तें तिनें स्पष्ट सांगून ठेविलें आहे.

१८८३ सालीं रमाबाई आपल्या लहानग्या मनोरमेसह इंग्लंडांत वाँटेज येथील भगिनीमंडळाकडे उतरल्या होत्या. त्या मंडळाच्या लंडनजवळील फुलहॅम येथल्या आश्रमांत वाट चुकलेल्या स्त्रियांस आश्रय मिळे. पतितांची अशी शुश्रूषा त्यांनीं स्वदेशीं कोठें पाहिली नव्हती. ह्या बायांविषयीं तुम्हांस इतका कळवळा कां, असें त्यांनीं विचारलें. तेव्हां एका भगिनीनें योहानाच्या शुभवर्तमानाचा चौथा अध्याय काढून त्यांस वाचून दाखविला.

काय आहे त्या अध्यायांत? भर दुपारची वेळ. चालून थकलेला येशू शोमरोन प्रांतांत सुखार गांवाजवळ याकोबाच्या विहिरीच्या कांठीं बसला आहे. शिष्य अन्न विकत आणावयास गेले आहेत. इतक्यांत एक बाई पाणी भरावयास येते. बाया पाणवठ्यावर सकाळसंध्याकाळ जमतात. ही एकटी, ऐन उन्हांत कां आली, हें आमच्या वाचकभगिनींस फोडून सांगावयास नको. येशू तिच्याकडे पाणी मागतो. ती चकित होते, कारण तो यहुदी व ती शोमरोनी, आणि यहुद्यांचा शोमरोन्यांशीं व्यवहार नसे. ह्या ठिकाणच्या मूळ ग्रीक क्रियापदाचा अर्थ कांहीं पंडित ‘एका भांड्यानें व्यवहार करीत नाहींत’ असाही लावतात. तसें असेल तर हा विटाळाचा प्रश्न आपल्याला भाष्यावांचून कळावा! महाडच्या चवदार तळ्याचें पाणी ओंजळीत घेण्यासाठीं १९२७ सालीं डॉ. आंबेडकरांस सत्याग्रह करावा लागला, हें आपण विसरलों नसूं.

पुढें त्या दोघांचा जो संवाद होतो तो दीर्घ आहे. बाईचे पांच नवरे होऊन गेले असून सांप्रत ती ज्याच्याजवळ राहते तो तिचा नवरा नव्हे, हें येशू तिला सांगतो, परंतु त्याबद्दल निर्भर्त्सनेचा एक शब्दही त्याच्या तोंडून निघत नाहीं. आणि ही बाई तरी कशी! लाजून पळून न जाता ती त्याला थेट धर्मशास्त्राचा प्रश्न घालते: आमच्या पूर्वजांनीं ह्या डोंगरावर उपासना केली, तुम्ही म्हणतां ती यरुशलेमेंतच केली पाहिजे, मग खरें स्थान कोणतें? उत्तर मिळतें कीं हेंही नव्हे व तेंही नव्हे. देव आत्मा आहे, त्याची उपासना आत्म्यानें व सत्यानें करावयाची. परत आलेल्या शिष्यांस, गुरु एका स्त्रीशीं बोलत बसला आहे, ह्याचेंच आश्चर्य वाटतें. बाई आपली घागर तेथेंच टाकून गांवांत जाते व लोकांस बोलावून आणते. ही टाकलेली घागर योहानानें मुद्दाम नोंदली आहे. आम्हांस सबंध अध्यायांत तीच अधिक बोलकी वाटते.

आतां रमाबाईंचें पूर्वायुष्य आठवावें. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनीं पत्नीस संस्कृत शिकविलें, एवढ्यावरून त्यांस पंडितांपुढें आपल्या कृतीचें समर्थन करावें लागलें होतें. आईबाप व बहीण १८७४ च्या सुमारास दुष्काळांत गेलीं, भाऊ १८८० त गेला, पति बिपिनबिहारी मेधावी १८८२ त. स्त्रीशूद्रांस वेदाधिकार नाहीं हें ज्या मुलीनें तीर्थोतीर्थीं ऐकलें, तिला येथें दिसलें कीं शिष्यांच्याही आधीं अध्यात्माचा गाभा एका परजातीच्या, नांव घालवून बसलेल्या बाईस सांगितला जात आहे. गार्गी व मैत्रेयी आपल्याकडेही होत्या. परंतु त्या ऋषींच्या सभेंतल्या व घरांतल्या. ही पाणवठ्यावरची. २९ सप्टेंबर १८८३ रोजीं रमाबाईंनीं बाप्तिस्मा घेतला.

बाप्तिस्मा घेतला, पण वाद सोडला नाहीं. मुलीच्या दुखण्यासाठीं येशूच्या पाठीस लागलेली, मेजाखालच्या चुऱ्यावर कुत्र्यांचाही हक्क असतो असें सांगून त्याला निरुत्तर करणारी एक परदेशी माता शुभवर्तमानांत आहे. रमाबाई त्याच जातीच्या. भगिनी जेराल्डाइन यांच्याशीं त्यांचा पत्रव्यवहार वाचावा. क्रुसावर लॅटिन अक्षरेंच कां, आमची संस्कृत लॅटिनहून उणी कशानें, असें त्यांनीं विचारलें. (हें वाचून आम्हांस गुदगुल्या झाल्या हें कबूल करतों.)

११ मार्च १८८९ रोजीं मुंबईस काढलेलें शारदासदन पुढल्या वर्षीं पुण्यास गेलें, आणि १८९३ त तेथील अनेक पालकांनीं आपल्या मुली काढून नेल्या. न्यायमूर्ति रानडे व डॉ. भांडारकर यांनींही संबंध सोडला. पालकांचा राग आम्ही खोटा म्हणत नाहीं. धर्माच्या बाबतींत ढवळाढवळ होणार नाहीं ह्या भरंवशावर धाडलेली विधवा मुलगी प्रार्थनेस बसूं लागली, तर कोणता बाप स्वस्थ राहील? परंतु ह्या मुलींसाठीं दुसरें दार आम्ही उघडलें होतें काय? अण्णासाहेब कर्व्यांचा आश्रम त्यानंतरचा, १८९६ चा. त्याच सुमारास मध्यप्रांतांत दुष्काळ पडला, तेव्हां रमाबाईंनीं तेथून शेंकडों मुली व स्त्रिया आणून केडगांवीं वसविल्या. मुक्तिसदनांत पुढें पतित स्त्रियांसाठीं ‘कृपासदन’ नांवाचा वेगळा विभाग निघाला. फुलहॅमला ऐकलेला अध्याय केडगांवीं असा आचरणांत आला.

रमाबाईंच्या मागून ह्याच वाटेनें, पण अगदीं निराळ्या पावलांनीं, लक्ष्मीबाई टिळक आल्या. नाशिकाजवळच्या जलालपुरीं सोवळ्याच्या अतिरेकांत त्यांचें बालपण गेलें. पतीनें १८९५ त धर्मांतर केल्यावर त्या कित्येक वर्षें वेगळ्या राहिल्या. १९०० सालीं त्यांनीं बाप्तिस्मा घेतला तो कोणाच्या उपदेशानें नव्हे. जातिभेद मनुष्यानें केलेला आहे, देवानें नव्हे, ह्या निर्णयास त्या आधींच आपल्या विचारानें पोंचल्या होत्या. ‘स्मृतिचित्रें’ घरोघर वाचली जातात. पण नारायण वामन टिळकांचें अपुरें राहिलेलें ‘ख्रिस्तायन’ त्यांच्या मृत्यूनंतर ६४ अध्याय लिहून ह्या बाईंनीं पुरें केलें, हें थोड्यांस ठाऊक असतें. सासूसाठीं माहेर सोडणाऱ्या रूथेची गोष्ट येथें सांगावयाचा मोह होतो; ती पुढें कधीं तरी.

रमाबाईंचें अखेरचें मोठें काम म्हणजे बायबलाचें मराठी भाषांतर. त्यासाठीं त्या प्रौढ वयांत हिब्रू व ग्रीक शिकल्या. वस्तुतः मराठी बायबल पूर्वींच छापलेलें होतें. परंतु त्याची भाषा खेड्यांतल्या बाईस कळत नाहीं असें त्यांचें म्हणणें. समासांची ही सम्राज्ञी, पण भाषांतरांत तिनें संस्कृत शब्द वेंचून वेंचून बाहेर काढले व घरगुती मराठी घातली. आमच्यासारख्या संस्कृताभिमान्यास तीं वाक्यें प्रथम ओबडधोबड वाटतात. पण पुस्तक आमच्यासाठीं लिहिलेलेंच नाहीं. १९२१ त एकुलती मुलगी मनोरमा वारली, तरी काम थांबलें नाहीं. ५ एप्रिल १९२२ रोजीं रमाबाई निवर्तल्या आणि सबंध ग्रंथ १९२४ सालीं बाहेर पडला. खिळे जुळविण्यापासून छापण्यापर्यंतचें काम केडगांवच्या छापखान्यांत मुक्तिसदनांतल्या स्त्रियांनीं केलें होतें.