चाळिसावा हिस्सा आणि बारमाही आजार

सहेरी कधी थांबवायची, हे मदिनेत अजानवरून कळत असे. हजरत बिलाल (रजि.) यांची अजान रात्र असतानाच होई. त्यानंतरही खाणेपिणे चालू ठेवावे आणि हजरत इब्ने उम्मे मकतूम (रजि.) यांची अजान ऐकू आली की थांबावे, असे प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सांगितले होते. इब्ने उम्मे मकतूम अंध होते. उजाडले, असे लोक त्यांना सांगत, मग ते अजान देत. साऱ्या शहराचा रोजा एका अंध माणसाच्या आवाजावर सुरू होई. प्रेषित (स.) बाहेरगावी निघताना मदिनेचा कारभारही अनेकदा त्यांच्याकडे सोपवून जात.

आज रमजानमध्ये दिव्यांग माणूस आपल्याला बहुतेकदा कुठे दिसतो? मशिदीच्या दारात, हात पसरून बसलेला. तरावीहची नमाज सुटते, दोन तरुण चादर धरून उभे राहतात, नोटा पडतात आणि लोक घरी जातात.

या महिन्यात पैसा कमी निघत नाही. साडेबावन्न तोळे चांदीच्या, म्हणजे सुमारे ६१२ ग्रॅमच्या किमतीएवढी शिल्लक वर्षभर ज्याच्याकडे आहे, त्याला अडीच टक्के, म्हणजे चाळिसावा हिस्सा जकात द्यावी लागते. ती कोणाला द्यायची, याचे आठ प्रकार कुरआनच्या सूरह तौबामध्ये सांगितले आहेत. त्यांत गरीब आणि निराधार आहेत, तसेच कर्जात बुडालेला आणि वाटेत अडकलेला प्रवासीही आहे. दवाखान्याच्या बिलापायी कर्जबाजारी झालेले कुटुंब किंवा मुंबईत परळच्या कॅन्सर रुग्णालयाबाहेर फूटपाथवर दिवस काढणारा बाहेरगावचा रुग्ण, हे या यादीबाहेरचे नव्हेत.

मात्र जकातीला एक अट आहे. हनफी उलेमांच्या मते ती गरजूच्या मालकीची झाली पाहिजे. म्हणजे रुग्णाला औषधासाठी रक्कम देता येते, व्हीलचेअर कायमची देता येते, पण वापरून परत करायची व्हीलचेअर संस्थेने जकातीतून घेऊ नये. शिवाय बहुतेक उलेमा जकात मुस्लिम गरजूंपुरतीच मानतात. म्हणून पावतीपुस्तकात ‘लिल्लाह’ हा वेगळा रकाना असतो. लिल्लाह म्हणजे अल्लाहसाठी दिलेली ऐच्छिक देणगी. तिला ना मालकीची अट, ना धर्माची. वॉकर, वॉटरबेड, ऑक्सिजनचे यंत्र अनामत घेऊन देणारी रुग्णसाहित्य केंद्रे अशाच पैशावर चालू शकतात. तिथे नाव आणि पत्ता विचारला की पुरे.

देणारे मात्र ‘जकात’ या रकान्यावरच बोट ठेवतात. फर्ज अदा झाले की हात आखडतो, हा अनुभव वर्गणी मागणाऱ्या कुठल्याही कार्यकर्त्याला असेल.

खरी अडचण कॅलेंडरची आहे. मूत्रपिंड निकामी झालेल्याला आठवड्यातून दोन-तीनदा डायलिसिस लागते. थॅलेसेमियाच्या मुलाला दर दोन ते चार आठवड्यांनी रक्त लागते. पैसा येतो एका महिन्यात, आजार असतो बाराही महिने. ईद झाल्यावर पेटी रिकामी, आणि बकरी ईद उलटेपर्यंत रुग्णाचे नातेवाईक पुन्हा दारोदार.

यावर उपाय फिकहमध्येच आहे. ज्याच्याकडे निसाबएवढी मालमत्ता आहे, त्याला पुढच्या वर्षाची जकात आगाऊ देता येते, असे हनफी उलेमा सांगतात. शव्वालपासून दरमहा एका रुग्णाचा खर्च उचलायचा आणि रमजानमध्ये हिशेब करून उरलेली रक्कम भरायची, इतके हे सोपे आहे. समितीने वर्षाचा जमाखर्च फलकावर लावावा; रुग्णाचा फोटो मात्र लावू नये. आणि आधी सरकारी दार ठोठवावे. धर्मादाय रुग्णालयांत निर्धनांसाठी १० टक्के खाटा मोफत आणि दुर्बल घटकांसाठी १० टक्के सवलतीत राखीव असतात. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात २१ प्रकार आहेत आणि थॅलेसेमियाही त्यांत आहे, हे अनेक पालकांना ठाऊक नसते. प्रमाणपत्र काढून देण्यासाठी सोबत जाणारा माणूसही देणगीच देत असतो.

एकत्र येऊन काय होते, ते इचलकरंजीने दाखवले आहे. २०२० च्या रमजानमध्ये कोरोनाची टाळेबंदी होती. तेथील मुस्लिम समाजाने ३६ लाख रुपये जमवून आयजीएम या सरकारी रुग्णालयात १० खाटांचा अतिदक्षता विभाग उभा केला. ईदच्या दिवशी तत्कालीन मुख्यमंत्र्यांनी त्याचे ऑनलाइन उद्घाटन केले. त्या खाटांवर कोण झोपणार, हे आजाराने ठरवायचे होते.

एवढे मोठे काम प्रत्येक गावाला जमेलच असे नाही. पण ज्या मशिदीत वुजूखान्याला तीन पायऱ्या आहेत, तिथे व्हीलचेअरवरचा नमाजी दारातच अडतो. तिथल्या उतारासाठी जकात चालणार नाही, लिल्लाह चालेल. लागतील सिमेंटच्या काही गोण्या आणि गवंड्याची दोन दिवसांची मजुरी.