आरोपीच्या गोळ्या कोणी द्यायच्या?

या सदराकडे येणारी पत्रे बहुधा गुडघेदुखी, पित्त आणि साखर यांबद्दल असतात. गेल्या आठवड्यात आलेले पत्र वेगळे होते. लिहिणारे गृहस्थ शेतकरी आहेत. धाकट्या भावावर सात वर्षांपासून मानसोपचार तज्ज्ञांचे औषध चालू आहे. शेजाऱ्याशी बांधावरून भांडण झाले, भावाने काठी घातली, गुन्हा दाखल झाला आणि तो आता न्यायालयीन कोठडीत आहे. पत्राच्या शेवटी प्रश्न एकच आहे: "डॉक्टरसाहेब, आतमध्ये त्याच्या गोळ्या कोण देणार?"

उत्तर देण्याआधी मला स्वतःचीच एक चूक सांगितली पाहिजे.

१९९६ साली मी एका ग्रामीण रुग्णालयात वैद्यकीय अधिकारी होतो. डिग्री हाती येऊन दोन-अडीच वर्षे झाली असतील. एका रात्री साडेअकराच्या सुमारास एक जमादार आणि एक शिपाई तिशीतल्या एका गड्याला घेऊन आले. त्याने यष्टीवर दगड मारला होता. काच फुटून ड्रायव्हरच्या कपाळाला चार टाके पडले होते. सकाळी कोर्टापुढे उभे करायचे, त्याआधी तपासणीचा कागद हवा होता.

मी तपासले. म्हणजे कोपरावरचे खरचटणे पाहिले, नाडी पाहिली, बी.पी. घेतला. तो खाली बसायला तयार नव्हता. मी काही विचारले की उत्तर देण्याआधी मान कलती करून खोलीच्या कोपऱ्याकडे कान लावी, जणू तिकडून कोणी सांगेल तेच त्याला बोलायचे होते. जमादार म्हणाले, "नाटकं करतोय साहेब. दगड मारताना बरं समजत होतं." मी हसलो. कागदावर लिहिले: उजव्या कोपरावर साधी जखम, प्रकृती ठीक. खाली सही आणि शिक्का. सगळे मिळून सात-आठ मिनिटांचे काम.

महिन्याभराने बाह्यरुग्ण विभागात एक म्हातारी आली. हातात वायरची पिशवी. पिशवीत प्रादेशिक मनोरुग्णालयाचा केसपेपर आणि कागदाच्या पुड्यांत बांधलेल्या गोळ्या. ती त्याची आई. पोराला चार वर्षे औषध चालू होते, बरे वाटते म्हणून सुगीच्या दिवसांत त्याने ते सोडले, आणि दोन महिन्यांत आवाज पुन्हा ऐकू येऊ लागले. ही पिशवी घेऊन ती आधी पोलीस ठाण्यात गेली. तिथे सांगितले, तो आता आमच्याकडे नाही, तुरुंगात जा. तुरुंगाच्या दारात सांगितले, बाहेरचे औषध आत घेता येत नाही, कोर्टाकडून लिहून आणा. कोर्टात एका कारकुनाने सांगितले, डॉक्टरचा दाखला जोडा. म्हणून ती माझ्याकडे आली होती. "दादा, तुमीच तपासलं व्हतं ना त्याला?"

मी तपासले होते, आणि 'प्रकृती ठीक' असे लिहून दिले होते.

त्या दिवशी मी तुरुंगाच्या डॉक्टरांना पत्र लिहिले. ते भले गृहस्थ होते, त्यांनी कोर्टाला कळवले. कोर्टाचा हुकूमही झाला. पण मनोरुग्णालयात न्यायला पोलीस गार्ड लागतो. एकदा निवडणुकीचा बंदोबस्त, एकदा यात्रा, एकदा गाडी नाही, असे करता करता तीन तारखा गेल्या. तो तिथे पोचला, सहा आठवड्यांत सुधारला, परत आला, आणि तुरुंगात पुन्हा गोळ्या तुटल्या, कारण मनोरुग्णालयाचा कागद गार्डबरोबर परत आला तरी डॉक्टरांच्या टेबलापर्यंत पोचलाच नाही. एक काच आणि चार टाके, यासाठी एकूण अकरा महिने. यात वाईट माणूस एकही नव्हता. जमादारही वाईट नव्हता. प्रत्येकाने आपापले टेबल सांभाळले आणि रुग्ण दोन टेबलांच्या मध्ये पडला.

आता थोडे आजाराविषयी. मनाचा आजार असलेला माणूस म्हणजे धोकादायक माणूस, हा समज खोटा आहे. बहुसंख्य मनोरुग्ण कोणाच्या वाटेला जात नाहीत. उलट त्यांनाच मारहाण आणि फसवणूक सोसावी लागते. पण काही आजारांत, विशेषतः औषध तुटले आणि त्यात दारूची भर पडली, तर संशय आणि भास यांच्या भरात हातून गुन्हा घडू शकतो. तो माणूस लबाड नसतो. शेजारी भिंतीतून करंट सोडतो हे त्याला तुम्हाआम्हाला ऊन लागते तितकेच खरे वाटत असते.

दारूवरून आठवले, कोठडीतला सगळ्यात घातक आणि सगळ्यात दुर्लक्षित आजार हाच. रोज पिणाऱ्या माणसाला अटक झाली की त्याची दारू एका क्षणात बंद होते. पहिल्याच दिवशी हात थरथरतात, घाम सुटतो, झोप लागत नाही. फिट येऊ शकते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या दरम्यान काहींना भिंतीवर किडे दिसतात, ते कोणाला तरी हाका मारतात, अंगावर धावून जातात. पहाऱ्यावरच्या शिपायाला वाटते, नाटक चालले आहे, नाहीतर अंगात आले आहे. प्रत्यक्षात ही जिवावरची वेळ असते. रुग्णालयात झोपेच्या वर्गातली औषधे आणि बी-१ जीवनसत्त्वाची इंजेक्शने दिली तर माणूस वाचतो, आणि न दिल्यास कोठडीत मरू शकतो. मग सगळा दोष पोलिसांवर येतो. पोलीस बंधूंनी निदान स्वतःच्या नोकरीसाठी तरी एवढे लक्षात ठेवावे: आरोपी रोज पिणारा आहे का, हे अटकेच्या दिवशीच विचारून डॉक्टरला सांगावे. साखर उतरलेला मधुमेही आणि डोक्याला मार लागलेला माणूसही असाच बरळतो. पहिल्याचे निदान बोटाच्या एका थेंबावर होते.

कायद्याचे म्हणाल तर तीन प्रश्न वेगवेगळे आहेत आणि लोक त्यांची भेळ करतात. पहिला, गुन्हा घडला त्या क्षणी आपण काय करतो, ते चूक आहे, हे त्याला कळत होते का? पूर्वी भारतीय दंड संहितेचे कलम ८४ होते, १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेचे कलम २२ आहे, आणि मजकूर बहुतेक तोच. नुसता आजार असून भागत नाही, त्या क्षणी समज नव्हती हे आरोपीने दाखवावे लागते. म्हणून 'वेड्याचा दाखला आणला की सुटला' ही चावडीवरची गप्प निराधार आहे. दुसरा, खटला चालू असताना त्याला आपला बचाव करता येतो का? येत नसेल, तर मॅजिस्ट्रेटसाहेबांनी त्याची वैद्यकीय तपासणी करवून घ्यायची असते. अशा आरोपीला रुग्णालयात ठेवण्याची गरज नसेल आणि नातेवाईक नियमित उपचारांची व त्याच्या वागण्याची हमी देत असतील, तर गुन्हा जामीनपात्र नसला तरी त्याला जामिनावर सोडण्याची तरतूद कायद्यात आहे. ती फार थोड्या नातेवाइकांना ठाऊक असते, आणि खरे सांगायचे तर काही वकिलांनाही.

तिसरा प्रश्न डॉक्टरांचा: त्याला आज औषध हवे का? पहिल्या दोन प्रश्नांचे उत्तर काहीही असो, हे उत्तर थांबून राहू शकत नाही. गुन्हेगार ठरलेल्यालाही न्यूमोनियाचे औषध देतातच ना?

कागद अडकला की काय होते, याचे देशातले फार दारुण उदाहरण आसामचे. माचांग लालुंग या तरुणाला १९५१ साली अटक झाली आणि त्याला तेजपूरच्या मनोरुग्णालयात धाडले. १९६७ साली तो बरा असल्याचे तिथल्या डॉक्टरांनी कळवले. मग त्याची रवानगी तुरुंगात झाली, पण खटला काही उभा राहिला नाही. जुलै २००५ मध्ये तो सुटला तेव्हा ५४ वर्षे लोटली होती. तेविशीत गेलेला माणूस सत्याहत्तराव्या वर्षी बाहेर आला. पुढे सर्वोच्च न्यायालयाने त्याला ३ लाख रुपये आणि महिना १ हजार रुपये द्यायला लावले. तेव्हाच्या बिहारमधल्या हजारीबागच्या तुरुंगातले असेच बंदी १९८२ साली वीणा सेठी खटल्यात सुटले. ज्यांनी गुन्हाच केलेला नाही अशा मनोरुग्णांना तुरुंगात ठेवणे बेकायदा आहे, असा निकाल १९९३ साली लागला. तो मुंबईच्या पत्रकार शीला बारसे यांच्या अर्जावर.

२०१७ सालच्या मानसिक आरोग्य कायद्याने बरेच स्पष्ट केले आहे. रस्त्यावर भटकणारा मनोरुग्ण पोलिसांनी ताब्यात घेतला, तर २४ तासांच्या आत जवळच्या सरकारी दवाखान्यात न्यायचा. त्याला कोठडीत किंवा तुरुंगात ठेवायचे नाही, कोणत्याही कारणाने नाही. पोलिसांना या विषयाचे वेळोवेळी प्रशिक्षण द्यायचे, तुरुंगाच्या डॉक्टरांना प्राथमिक मानसोपचार शिकवायचे. राज्यात निदान एका तुरुंगाच्या वैद्यकीय विभागात मानसोपचाराची सोय करायची. कायदा चांगला आहे. गार्डची गाडी मात्र कायद्याने येत नाही, ती मागावी लागते. आपल्या राज्यातली येरवडा, ठाणे, नागपूर आणि रत्नागिरी ही चार जुनी प्रादेशिक मनोरुग्णालये आपल्या तालुक्यापासून किती दूर आहेत, हे नकाशा पाहिल्यावर कळेल. म्हणून माझे मत असे आहे की, रुग्णाला दरवेळी तिकडे नेण्यापेक्षा सिव्हिल हॉस्पिटलच्या मानसोपचार तज्ज्ञांनी ठरलेल्या वारी तुरुंगात यावे. एका गाडीत एक डॉक्टर येतो तेव्हा वीस रुग्ण तपासले जातात, आणि गार्ड लागत नाही.

दुसरी एक काळजी अलीकडची आहे. कोठडी वाढवताना आरोपीला आता अनेकदा व्हिडिओवरूनच कोर्टापुढे हजर करतात. वेळ आणि पेट्रोल वाचते, कबूल. पण पडद्यावरच्या वीतभर चेहऱ्यावरून, हा माणूस कोपऱ्यातला आवाज ऐकतो आहे, हे मॅजिस्ट्रेटसाहेबांना कसे दिसावे? मला तर समोर उभा असताना दिसले नव्हते.

सगळे अंधारलेले आहे असे नाही. चार वर्षांपूर्वी आमच्या गावच्या एका टेलरने शेजाऱ्यावर कात्री उगारली. ठाण्यातल्या हवालदारांनी आधी मला फोन केला: "डॉक्टर, माणूस ओळखीचा आहे, पण बोलणं बरोबर वाटत नाही. जरा येऊन बघता का?" मी गेलो. तीन ओळींची चिठ्ठी लिहिली. रिमांडच्या कागदाला ती चिठ्ठी जोडली गेली, त्याच दिवशी सिव्हिलच्या तज्ज्ञांनी पाहिले, गोळी त्याच रात्री सुरू झाली. खटला चालू राहिला, पण जामीन मिळाला. टेलर आज दुकान चालवतो. शेजारी अजून त्याच्याशी बोलत नाही, आणि त्याला मी नावे ठेवणार नाही. कात्री त्याच्यावर उगारली गेली होती. इतके सगळे घडले ते हवालदारांच्या एका फोनमुळे. त्या हवालदारांच्या मेव्हणीला हाच आजार आहे, म्हणून त्यांना ओळखता आले.

आता पत्रलेखकांना. तुमच्या भावाच्या सर्व केसपेपरच्या चार झेरॉक्स काढा. मूळ कागद कोणाच्याही हाती देऊ नका. एक झेरॉक्स पोलीस ठाण्यात, एक तुरुंग अधीक्षकांच्या नावे, एक वकिलामार्फत कोर्टात, प्रत्येक ठिकाणी साध्या अर्जासोबत द्या आणि आपल्या प्रतीवर पोहोच घ्या. अर्जात गोळ्यांची नावे, प्रमाण, आणि शेवटची गोळी कोणत्या तारखेला घेतली ते लिहा. तुमच्या तज्ज्ञांकडून चालू तारखेची चिठ्ठी घ्या. सात वर्षांपूर्वीच्या कागदावर तुरुंगाचे डॉक्टर औषध सुरू करणार नाहीत आणि त्यांचे बरोबरच आहे. गोळ्यांची पिशवी घेऊन दारात उभे राहू नका, बाहेरची गोळी तशी आत जात नाही. तिथल्या डॉक्टरांनी लिहून दिली की जाते. वकिलाचे पैसे नसतील तर तालुका कोर्टातल्या विधी सेवा समितीकडे जा, कोठडीतल्या माणसाला तिथे वकील फुकट मिळतो. मुलाखतीला गेलात की तो झोपतो का, जेवतो का, एकटाच बोलतो का, एवढे पाहून या आणि डॉक्टरांना कळवा. 'आता जगून काय करू' असे म्हणाला, तर त्याच दिवशी अधीक्षकांना लेखी द्या. आत गेल्यानंतरचे पहिले दिवस त्या दृष्टीने फार वाईट असतात. घरच्यांनाही सल्ला लागला तर १४४१६ हा सरकारचा मोफत क्रमांक २०२२ पासून चालू आहे.

आणि आजार लपवू नका. घरात बहिणीचे लग्न व्हायचे आहे, म्हणून पोलिसांना आजाराबद्दल काही सांगितले नाही, असे तुम्ही पत्रात लिहिले आहे. गुन्ह्याची बातमी गावभर झालीच आहे, तेव्हा आजार लपवून आता काय झाकणार?

हे सगळे मी त्यांना फोनवरही सांगितले. काल त्यांचा निरोप आला. तुरुंगाच्या डॉक्टरांनी चिठ्ठी ठेवून घेतली, पण दोनपैकी एकच गोळी त्यांच्या साठ्यात आहे. दुसरी सिव्हिलमधून मागवली आहे. पुढची तारीख अठराला आहे.