बाजारभाव सांगणारा संगणक-सहायक : त्याची जोडणी व पारख

कृत्रिम बुद्धिमत्तेवर चालणारे सहायक आता मोबाइलवर मराठीतून प्रश्नांची उत्तरे देतात. ही सोय मोठी आहे; तथापि एक गोष्ट प्रथम ध्यानात घेतली पाहिजे. असा सहायक पूर्वी अभ्यासलेल्या मजकुराच्या आधारे उत्तराची रचना करतो. आज लासलगावी कांदा काय भावाने गेला, हे त्या मजकुरात असणे शक्य नाही. तरीही विचारल्यास तो एखादा काल्पनिक आकडा ठामपणे सांगण्याचा संभव असतो. त्या आकड्यावर विसंबून ज्याने गाडी भरली, त्याच्या पदरी भाड्याचा भुर्दंड व पडेल भावाने विक्री एवढेच येते. हा दोष टाळण्यासाठी सहायकास बाहेरच्या माहितीसेवेशी जोडावे लागते. या जोडणीस प्लगिन म्हणतात.

जोडणीचे स्वरूप

एका संगणकाने दुसऱ्यास ठरावीक नमुन्यात प्रश्न विचारावा व ठरावीक नमुन्यातच उत्तर घ्यावे, या व्यवस्थेचे नाव एपीआय. छापील अर्जास जसे रकाने, तसेच यासही असतात. केंद्र सरकारच्या खुल्या माहितीच्या संकेतस्थळावर रोजचे बाजारभाव अशा एपीआयद्वारे मिळतात. राज्य, जिल्हा, बाजार, शेतमाल, वाण, आवकेची तारीख आणि कमीत कमी, जास्तीत जास्त व सर्वसाधारण दर हे त्यातील रकाने होत.

ओपनएआय कंपनीने मार्च २०२३ मध्ये चॅटजीपीटीसाठी प्लगिने जाहीर केली. ती योजना एप्रिल २०२४ मध्ये बंद झाली. नोव्हेंबर २०२४ मध्ये अँथ्रॉपिक कंपनीने मॉडेल कॉन्टेक्स्ट प्रोटोकॉल ही खुली पद्धत प्रसिद्ध केली. तिच्यामुळे एकदा केलेली जोडणी निरनिराळ्या सहायकांस वापरता येते. नावे बदलली, तरी मूळ रीत तीच आहे.

बांधणीच्या पायऱ्या

१. वर्णन : कोणत्या प्रश्नासाठी जोडणी वापरावी, हे सहायक तिचे लेखी वर्णन वाचून ठरवितो. ‘भाव सांगते’ एवढेच लिहिणे पुरेसे नाही. ‘बाजार समितीतील घाऊक दर, रुपये प्रति क्विंटल, दिलेल्या तारखेचा, किरकोळ दर अथवा पुढील भावाचा अंदाज देत नाही,’ असे स्पष्ट लिहावे.

२. नावांचा मेळ : शेतकरी ‘हरभरा’ म्हणतो, सेवेच्या नोंदीत मात्र त्याचे इंग्रजी नाव असते. अशा नावांची यादी आधीच करून ठेवावी. नाव जुळले नाही तर तर्क न करता सहायकाने पुन्हा विचारावे.

३. किल्ली : सेवा वापरण्यासाठी मिळालेली गुप्त किल्ली जोडणीच्या स्वतःच्या संगणकावर ठेवावी. ती संभाषणात किंवा शेतकऱ्याच्या मोबाइलवर उघडी पडू देऊ नये.

४. उत्तर : दरासोबत बाजार, तारीख व परिमाण आलेच पाहिजे. क्विंटलला १,८०० रुपये म्हणजे किलोला १८ रुपये. परिमाण गाळले तर गोंधळ अटळ आहे. नोंद आली नसेल तर ‘आजचा दर मिळाला नाही’ असेच सांगावे. कालचा दर आजचा म्हणून देणे हे चुकीची माहिती देण्यासारखेच आहे.

घ्यावयाची दक्षता

माहिती वाचून दाखविणे आणि शेतकऱ्याच्या वतीने काम करणे, या दोन गोष्टी भिन्न आहेत. अर्ज भरणे, मागणी नोंदविणे किंवा पैसे देणे अशी कामे करणाऱ्या जोडणीने प्रत्येक वेळी भरलेला तपशील दाखवावा आणि शेतकऱ्याची संमती घेतल्यावरच पुढे जावे. तसेच बाहेरून आलेल्या मजकुरात कोणी सहायकास उद्देशून एखादी आज्ञा घुसडलेली असू शकते. बाहेरचा मजकूर ही केवळ माहिती समजावी, हुकूम नव्हे. म्हणून जोडणीस कामापुरतेच अधिकार द्यावेत.

कार्यकर्त्यांनी करावयाची पारख

गावात असा सहायक वापरात आणण्यापूर्वी तीन परीक्षा घ्याव्यात. पहिली, परिचित बाजार समितीचा दर विचारून तो समितीच्या फलकाशी ताडून पाहावा. दुसरी, बाजार बंद असलेल्या दिवसाचा दर विचारावा. तिसरी, अस्तित्वात नसलेल्या बाजाराचे नाव घेऊन पाहावे. शेवटच्या दोन प्रश्नांना ‘माहिती नाही’ असे उत्तर आले तर जोडणी भरवशाची होण्याच्या मार्गावर आहे असे समजावे. आकडा आला, तर ती दुरुस्त होईपर्यंत शेतकऱ्यांना तिची शिफारस करू नये.

बियाणे पेरण्यापूर्वी त्याची उगवणशक्ती तपासण्याची सवय आपल्या शेतकऱ्यांना आहे. माहितीचीही तशीच तपासणी केल्यास हे नवे साधन त्यांच्या खऱ्या उपयोगी पडेल.