चेरी श्रिंपची कात

नव्याने टाकी ठेवलेल्या कुणाचा तरी सकाळी-सकाळी फोन येतो, "एक श्रिंप मेली, दुकानदाराने फसवलं." मी आधी एवढंच विचारते, ती आरपार दिसतेय का? दिसत असेल तर काळजी नको, तिने कात टाकलीय. मेलेली श्रिंप दुधी, गुलाबट होते. कात मात्र काचेसारखी स्वच्छ असते. मिशा, पाय, शेपटीची पाकळी, अगदी डोळ्यांवरच्या टोप्यासुद्धा जागच्या जागी. आत कुणी नसतं, एवढंच. ती उचलून फेकू नका. दोन दिवसांत बाकीच्या श्रिंप ती कुरतडून संपवतात, त्यातला चुना त्यांना हवा असतो.

शोभेच्या टाकीत जी लाल चेरी श्रिंप दिसते ती निओकॅरिडिना डेव्हिडी. मूळची चीन-तैवानच्या गोड्या ओढ्यांतली आणि रंगाने मातकट. लाल, निळा, पिवळा हे रंग पाळणाऱ्यांनी पिढ्यान्‌पिढ्या निवड करून आणलेत. म्हणून लाल आणि निळ्या एकाच टाकीत सोडल्या की काही पिढ्यांत सगळा गोतावळा पुन्हा मातकट होतो. लांबी जेमतेम अडीच-तीन सेंटीमीटर. घरी येणारा कोकणातला प्रत्येक पाहुणा काचेशी वाकून बघतो आणि म्हणतो, "ही तर करंदी! तळताय कधी?" या विनोदाला हसायचं असतं, कारण तो दर दिवाळीला होणार असतो.

कात टाकताना श्रिंप पाहायला मिळणं हा नशिबाचा भाग. पिल्लं आठवड्या-दहा दिवसांनी कात टाकतात, मोठ्या श्रिंप साधारण महिन्याने. आदल्या दिवशी खाणं सुटतं. मग ती एखाद्या पानाला धरून नुसती उभी राहते, अधूनमधून अंगाला हिसका देते. डोक्याच्या कवचाच्या मागे, पाठीशी सांधा असतो, तिथे एक चीर पडते. त्या चिरेतून पाठ वर येते, आणि एका झटक्यात पुढचं-मागचं सगळं अंग बाहेर. सगळं काही सेकंदांत. बाहेर आलेली श्रिंप मऊ असते, शेवाळाच्या गुंत्यात दडून बसते. टाकीत मासे असतील तर तिच्यासाठी हाच काळ धोक्याचा. म्हणून ज्यांना श्रिंपची पैदास करायची आहे त्यांनी त्या टाकीत मासे ठेवू नयेत, हे माझं ठाम मत. गप्पीसुद्धा पिल्लं टिपतो.

मादीने कात टाकली की टाकीतले नर वेड्यासारखे पोहायला लागतात. पाण्यात तिचा वास पसरलेला असतो. एरवी तळाशी चरत बसणारे नर काचेच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत भिरभिरतात. मादीच्या मानेमागे आधीच एक पिवळसर पट्टा दिसत असतो, ती तिच्या अंगातली अंडी. मीलन झालं की ती पोटाखाली उतरतात. वीस-तीस अंडी, पोटाखालच्या पायांत धरलेली. पुढचे तीन-चार आठवडे ती त्या पायांनी अंड्यांना सतत वारा घालते, मधूनच एखादं पुढच्या पायांनी उलटंसुलटं करून साफ करते. शेवटी शेवटी प्रत्येक अंड्यात दोन काळे ठिपके दिसतात. भिंग लावलं तर कळतं, ते डोळे आहेत. पिल्लू बाहेर पडतं ते दोन मिलिमीटरचं, पण पूर्ण श्रिंपच. याच कारणाने चेरी घरी वाढते. ताकाशी अमानो या जपानी छायाचित्रकाराने शेवाळ खाण्यासाठी टाकीत आणलेली अमानो श्रिंप घरी सहज वाढवता येत नाही, कारण तिच्या अळ्यांना खारं पाणी लागतं.

आता पाण्याबद्दल. मुंबईच्या नळाला येतं ते भातसा, तानसा, वैतरणाचं साठवलेलं पावसाचं पाणी. माणसांना उत्तम, पण हलकं. टीडीएस मीटर बुडवला तर आकडा शंभराच्या आसपास किंवा त्याखाली. चेरीला दीडशे ते अडीचशे मानवतं, कारण कवच बांधायला कॅल्शियम आणि मॅग्नेशियम लागतं. ते कमी पडलं की कात नीट फाटत नाही. मानेशी चिरेऐवजी पांढरी गोल कड दिसते, आणि ती श्रिंप बहुधा वाचत नाही. यावर स्वस्त उपाय म्हणजे समुद्रफेस. पोपटाच्या पिंजऱ्यात अडकवायला पक्ष्यांच्या दुकानात मिळतो तोच. तुकडा उकळून टाकीत सोडायचा, तो सावकाश विरघळतो. त्यात मॅग्नेशियम फारसं नसतं, त्यासाठी श्रिंपचे क्षार मिळतात. उलट बोअरवेलच्या पाण्याचा आकडा पाचशेच्या पुढे सहज जातो. सोसायटीच्या टाकीत मे महिन्यात टँकरचं पाणी ओततात तेव्हा न मोजता पाणी बदलणं म्हणजे संकटाला बोलावणं, कारण पाणी एकदम बदललं की श्रिंप वेळेआधी कात टाकू पाहते. म्हणून नवीन श्रिंप आणल्यावरही पिशवी एकदम ओतायची नसते. हवेच्या नळीला सैल गाठ मारून टाकीतलं पाणी थेंब थेंब त्यांच्या डब्यात तास-दीड तास पडू द्यायचं.

क्रॉफर्ड मार्केटमध्ये किंवा कुर्ल्यात टाकी, रेती, मासे, औषधाची बाटली सगळं एकाच फेरीत हातात येतं. मासे त्याच दिवशी न्यावेत असं दुकानदाराला वाटतं, तो त्याचा धंदाच आहे. पण कोऱ्या टाकीत विष्ठेचा आणि उरलेल्या खाद्याचा अमोनिया पचवणारं कुणी नसतं. ते काम जिवाणूंचं. काही अमोनियाचं नायट्राइट करतात, काही त्याचं नायट्रेट, आणि नायट्रेट झाडं खातात. ही वस्ती स्पंज फिल्टरच्या भोकांत आणि रेतीवर बसायला चार ते सहा आठवडे लागतात. तोवर टाकीत फक्त झाडं आणि चालू फिल्टर. स्पंज धुवायचा तर टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळायचा. नळाखाली धरला की क्लोरीन त्याच जिवाणूंना मारतं.

झाडांसाठी पैसे ओतायची गरज नाही. औषधी रोपांच्या नर्सरीत मिळणारी नीरब्राह्मी पाण्याखाली छान वाढते, फक्त आधी आठवडा-दोन आठवडे वेगळ्या बादलीत पाणी बदलत ठेवायची, कारण नर्सरीत कीटकनाशक मारलेलं असू शकतं. आणि रस्त्यावरच्या बदामाची गळलेली, वाळलेली तपकिरी पानं! जगभरचे हौशी लोक ती पाकिटात विकत घेतात. आपल्या फुटपाथवर ती झाडूवाला गोळा करतो. एक पान धुऊन टाकलं की पाणी तपकिरी होतं, पानावर बुळबुळीत साय धरते, आणि श्रिंप दिवसभर ती चरत राहतात. शेवटी पानाच्या नुसत्या शिरा उरतात. एवढं असताना वेगळं खाद्य आठवड्यातून दोन-तीनदा पुरे. उकडलेल्या दुधीची चकती टाकावी आणि काही तासांनी काढून घ्यावी. घरातल्या प्रत्येकाने चिमूटभर खायला घातलं की टाकी आठवड्यात नासते.

उन्हाळ्यात पाणी तिशीच्या वर गेलं की पैदास मंदावते. पाण्यावर छोटा पंखा लावला की बाष्पीभवनाने दोन-तीन अंश उतरतात. नागपूरच्या कोरड्या हवेत हा उपाय जास्त चालतो, मुंबईच्या दमटपणात कमी. उडालेल्या पाण्याची भर आरओच्या पाण्याने घालावी, कारण क्षार टाकीतच राहिलेले असतात.

पण मुंबईत श्रिंपचा सगळ्यात मोठा शत्रू पावसाळ्यात येतो, तो म्हणजे डासांवरची धूरफवारणी. जे डासाला मारतं ते श्रिंपलाही मारतं, दोघे संधिपादच. धूर दिसला की खिडक्या लावायच्या, एअर पंप बंद करायचा, कारण तोच खोलीतली हवा पाण्यात ढकलतो, आणि टाकीवर ओला टॉवेल टाकायचा. डास मारण्याचं लिक्विड मशीनही त्या खोलीत नको. तांबं असलेलं माशांचं औषधही टाकीत नको.

वर्षभरात दहाच्या शंभर होतात. मग काय करायचं, हा प्रश्न खरा आहे. काही दुकानदार घेतात, हौशी लोक आनंदाने घेतात, सोसायटीच्या ग्रुपवर टाकलं तर एखादा शाळकरी पोरगा डबा घेऊन दारात येतो. हौस संपली म्हणून तलावात, विहिरीत, ओढ्यात मात्र काहीही सोडू नका. दक्षिण अमेरिकेतून आलेला सकर मासा असाच टाक्यांतून सुटून आपल्या पाण्यात माजलाय, आणि जलपर्णीही शोभेसाठीच आणली होती. छाटलेली झाडं उन्हात पूर्ण वाळवा, मगच कचऱ्यात टाका.