गेममध्ये माउसने वळायचं कसं? मुलाकडून शिकलेला एक धडा

माझा मोठा मुलगा डिप्लोमासाठी दुसऱ्या शहरात हॉस्टेलवर राहतो. रोज मगरिबनंतर फोन व्हायचा. "जेवलास?" "हो अब्बा." "अभ्यास?" "चालू आहे." दोन मिनिटांत फोन बंद. सुट्टीत घरी आला की हाच मुलगा कानावर हेडफोन लावून मित्रांशी तासभर बोलत गेम खेळायचा. तिथे त्याची बोलती बंद होत नसे. एका रविवारी मीच त्याच्या शेजारी जाऊन बसलो आणि म्हणालो, "मलाही शिकव." आधी तो हसला. मग त्याने शिकवलं.

या गेमचं नाव वर्ल्ड ऑफ वॉरक्राफ्ट. ब्लिझार्ड कंपनीने तो २००४ साली आणला. एकाच काल्पनिक जगात हजारो लोक एकाच वेळी खेळतात. प्रत्येकाचं एक पात्र असतं, कुणी योद्धा, कुणी जादूगार, कुणी जखमा बऱ्या करणारा. विसाव्या पातळीपर्यंत खेळ फुकट, पुढे दरमहा पैसे. अमेरिकेत त्याला 'टीन' म्हणजे १३ वर्षांपुढच्या मुलांसाठी असं मानांकन आहे, त्यामुळे लहानग्यांच्या हातात तो देऊ नये.

पंधरा दिवस माझं बरं चाललं. मग मुलाने मला आपल्या गटात घेतलं. पाच जणांनी मिळून डेडमाइन्स नावाच्या खाणीत उतरायचं होतं. तिथे एक भलंमोठं यंत्र पाती गरगर फिरवत अंगावर येतं, तेव्हा झटकन वळून लांब पळायचं असतं. मी वळेपर्यंत पाती माझ्यावर आली. माझं पात्र मेलं, पाठोपाठ बाकीचेही पडले. पुन्हा गेलो, पुन्हा तेच. मुलगा काहीच बोलला नाही. त्याच्या मित्रांपैकी कुणीतरी म्हणालं, "अंकल कीबोर्डने वळतात." मला वाक्य कळलं नाही, पण मुलाचं गप्प राहणं कळलं.

की आणि माउस यांत फरक काय?

त्या रात्री मुलाने समजावलं. या गेममध्ये डाव्या हाताची बोटं डब्ल्यू, ए, एस, डी या कीजवर असतात. डब्ल्यूने पुढे, एसने मागे, ए दाबलं की पात्र डावीकडे वळतं आणि डी दाबलं की उजवीकडे. नवशिक्याला हे सोपं वाटतं आणि मीही तेच करत होतो.

पण की म्हणजे दिव्याचं बटण. ती एकतर चालू असते, नाहीतर बंद. तुम्ही हळू दाबा की जोरात, पात्र ठरलेल्याच वेगाने वळतं. हा वेग सेकंदाला १८० अंश आहे. म्हणजे पाठ फिरवायला एक पूर्ण सेकंद लागतो. वाचताना हा सेकंद छोटा वाटतो, पण पाती अंगावर येत असताना तो फार मोठा असतो.

माउसचं तसं नाही. हात जितका सरकेल तितकं पात्र वळतं, आणि हात जितक्या वेगाने सरकेल तितक्याच वेगाने. मनगटाच्या एका हिसक्यात पाठ फिरते. थोडंसंच वळायचं असेल तर बोटभर सरकवलं की पुरे.

माझी दुसरी चूक एस दाबून मागे सरकण्याची होती. पुढे धावताना पात्र सेकंदाला ७ यार्ड जातं, पाठीमागे सरकताना मात्र फक्त ४.५ यार्ड. संकटाकडे तोंड करून मागे सरकणारा मागेच राहतो. त्याने वळून धावायला हवं.

माउसची दोन बटणं

डावं बटण दाबून माउस हलवला की फक्त नजर फिरते, पात्र आपल्या वाटेने सरळ जात राहतं. बाईक चालवताना मान वळवून बाजूला पाहतो ना, तसं. उजवं बटण दाबून हलवला की नजरेबरोबर पात्रही वळतं. हे बाईकचं हँडल समजा. दोन्ही बटणं एकत्र दाबली की पात्र पुढे चालू लागतं आणि माउस नेईल तिकडे जातं.

आणखी एक गंमत आहे. उजवं बटण दाबलेलं असताना ए आणि डी या कीज वळवत नाहीत, तोंड समोरच ठेवून पात्राला बाजूला सरकवतात. कबड्डीत चढाई करणारा समोर नजर ठेवून आडवा सरकतो, अगदी तसं. लढाईत हे फार उपयोगी पडतं.

लॅपटॉपच्या टचपॅडवर हे जमत नाही. साधा, दोन बटणांचा आणि चाकाचा माउस लागतो. चाक फिरवलं की दृश्य जवळ किंवा लांब जातं. सुरुवातीला दृश्य लांब ठेवावं, म्हणजे आजूबाजूचं दिसतं.

खरं तर माउस यासाठी बनलाच नव्हता. अमेरिकेत डग्लस एंगलबार्ट यांच्या प्रयोगशाळेत १९६४ च्या सुमारास पहिला माउस तयार झाला, तो लाकडी होता. ९ डिसेंबर १९६८ रोजी त्यांनी सॅन फ्रान्सिस्कोत तो लोकांना दाखवला, तेव्हा काम होतं पडद्यावरच्या मजकुरावर बोट ठेवण्याचं. त्या बोटाने पडद्यावर चालायची सवय पुढच्या पिढ्यांनी लावली.

अडचण कुठे येते?

मला वाटलं, समजलं म्हणजे जमलं. दुसऱ्या दिवशी बसलो तर आधीपेक्षा वाईट खेळलो. भिंतीवर आपटलो, नजर आकाशात गेली, पात्र गोल गोल फिरू लागलं. दहा मिनिटांत बोटं आपोआप ए आणि डी वर परतली.

कारण नंतर लक्षात आलं. वार करण्यासाठी पडद्याच्या खाली चित्रांची एक पट्टी असते. मी प्रत्येक वार माउसने त्या चित्रावर क्लिक करून करत होतो. म्हणजे माझा माउस वार करण्यात गुंतलेला. मग वळायला उरलं काय? कीबोर्डच. एका सवयीने दुसरीला घट्ट धरून ठेवलं होतं. त्यामुळे "माउसने वळा" एवढं सांगून भागत नाही, आधी माउस मोकळा करावा लागतो.

मग मी क्रम बदलला. शाळेत पाठ तयार करतो तशी वहीत पायऱ्या लिहिल्या.

पहिला आठवडा चालणं बंद. सरावाच्या पुतळ्यासमोर उभं राहून १, २, ३ या आकड्यांच्या कीजने वार करायचे. चित्रावर क्लिक करायचं नाही आणि बोटांकडे पाहायचं नाही.

दुसऱ्या आठवड्यात ए आणि डी वरचं वळणं सेटिंगमधून काढून टाकलं आणि तिथे बाजूला सरकणं दिलं. परतीची वाट बंद केल्याशिवाय बोटं ऐकत नाहीत. मग स्टॉर्मविंड शहरात फिरायला लागलो. तिथे कालवे आहेत, पूल आहेत आणि जिवाची भीती नाही. दोन्ही बटणं दाबून कालव्याच्या काठाकाठाने, पाण्यात न पडता फेरी मारायची. पहिल्या दिवशी किती वेळा पडलो ते विचारू नका. पाण्यात पडल्याने काही बिघडत नाही, वर यायचं आणि पुन्हा चालायचं.

तिसऱ्या आठवड्यात धावता धावता उडी मारायची, हवेत असतानाच उजव्या बटणाने मागे वळून पाहायचं आणि पाय टेकायच्या आत पुन्हा समोर यायचं. हे जमलं की समजावं, हात तयार झाला.

माउसचा वेगही सेटिंगमध्ये बदलता येतो. माझा हिशोब असा आहे की हात आरामात एक वीत सरकला की पात्राची पाठ फिरली पाहिजे. वेग फार ठेवला तर चक्कर येते, फार कमी ठेवला तर हात दुखतो. कोपर टेबलावर टेकलेला असावा आणि माउस नुसत्या मनगटाने न हलवता हाताने हलवावा. अर्ध्या तासाने उठावं. मनगट दुखू लागलं तर त्या दिवशी खेळ बंद.

पालकांनो, हे का सांगतोय?

मी वीस वर्षं वर्गात शिकवतोय. पेन चुकीचं धरणाऱ्या मुलाला मी कितीदा म्हटलंय, "सांगितलं ना एकदा, कळत नाही का?" त्याला कळलेलं असायचं. त्याच्या हाताला कळलेलं नसायचं. जुनी सवय वाईट असली तरी तिच्यावर काम चाललेलं असतं, आणि नवी शिकताना आधी सगळं बिघडतं. त्या बिघडण्याच्या दिवसांत शिकवणाऱ्याने चिडायचं नसतं. माझा मुलगा माझ्यावर एकदाही चिडला नाही. रोज फोनवर विचारायचा, "अब्बा, आज पाण्यात किती वेळा?"

आणि मग तो फोन दोन मिनिटांत संपेनासा झाला. कालव्यावरून विषय मेसच्या जेवणावर जायचा, तिथून एका पेपरवर, जो अवघड गेला होता आणि घरी कुणालाच माहीत नव्हता.

गेमचे धोके आहेत, मी नाकारत नाही. वेळ ठरवून द्या. अनोळखी लोकांना नाव, शाळा, फोन नंबर सांगू नका हे मुलांना बजावा. पैशाचं कार्ड आपल्याकडे ठेवा. पण हे सगळं दारात उभं राहून ओरडण्यापेक्षा शेजारी खुर्ची ओढून सांगा. मुलाला म्हणा, "दे तो माउस, मला वळायला शिकव." आपण भिंतीवर आपटू, मुलं हसतील. हसू द्या.

परवा आम्ही पुन्हा त्या खाणीत उतरलो. यंत्र पाती फिरवत आलं, माझा हात सरकला, पाठ फिरली, मी धावलो. वाचलो. पुढच्या वळणावर मात्र घाईत चुकीच्या बाजूला गेलो आणि मेलो. मुलगा म्हणाला, "अब्बा, वळलात मात्र बरोबर."